हिमालयाच्या कुशीत वसंतातली उष्णतेची लाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की हिमाचल प्रदेश, काश्मीर आणि उत्तराखंड येथील तापमानाविषयी वाचकांचे प्रश्न येऊ लागतात. एप्रिल-मेच्या सहलीची तिकिटे काढून ठेवलेली कुटुंबे, नोकरीनिमित्त तिकडे राहणारी मराठी माणसे आणि फळबागांचा व्यवसाय करणारे शेतकरी असे सगळेच विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरण म्हणून मुख्यतः २०२२ चा मार्च आणि एप्रिल घेतला आहे, कारण थंड प्रदेशातील अवेळी उष्णतेचे जवळजवळ सर्व परिणाम त्या दोन महिन्यांत एकाच वेळी दिसले. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा न देता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे तीस अंश म्हणजे सुखद हवा. तिकडे तीस अंशांना उष्णतेची लाट कशी म्हणतात?

उष्णतेची लाट ही त्या ठिकाणच्या त्या दिवसांतील नेहमीच्या तापमानाशी तुलना करून ठरते. पुण्यात मार्चमध्ये पारा पस्तिशीच्या आसपास असतो, त्यामुळे तीस अंशांचा दिवस तेथे गारच वाटेल. शिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. तेथे मार्चचे सरासरी कमाल तापमान सतरा-अठरा अंशांच्या आसपास असते आणि ऐन मे-जूनमध्येही ते पंचविशीच्या आतच राहते. श्रीनगरात मार्च त्याहूनही थंड असतो. तेथील झाडे, घरे, पाण्याची व्यवस्था आणि माणसांची शरीरे या तापमानाला सरावलेली असतात. म्हणून तेथे तीस अंश हे केवळ उकाड्याचे नव्हे, तर सारा ऋतुक्रम विस्कटल्याचे चिन्ह असते.

२. हवामान विभागाची नेमकी व्याख्या काय आहे?

भारतीय हवामान विभाग आधी कमाल तापमानाची किमान पातळी पाहतो. ती मैदानी प्रदेशासाठी ४० अंश, किनारपट्टीसाठी ३७ अंश आणि डोंगराळ प्रदेशासाठी ३० अंश सेल्सियस आहे. ही पातळी गाठल्यावर सरासरीपासूनचा फरक पाहिला जातो. फरक ४.५ ते ६.४ अंश असेल तर उष्णतेची लाट आणि त्याहून अधिक असेल तर तीव्र लाट मानली जाते. एकाच हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. यांशिवाय तापमान ४५ अंशांवर गेल्यास सरासरी न पाहताही लाट मानण्याचा नियम आहे, परंतु तो मैदानी प्रदेशापुरताच आहे.

या दुहेरी अटीमुळे डोंगरात एक मोठी अडचण निर्माण होते. तिच्याविषयी प्रश्न ८ पाहावा.

३. २०२२ मध्ये नक्की काय घडले?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच वायव्य आणि मध्य भारतात पारा चढू लागला. त्या संपूर्ण महिन्याचे देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश नोंदले गेले. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये मार्चसाठी ही सर्वोच्च नोंद ठरली; आधीचा उच्चांक २०१० चा होता आणि तो केवळ एका शतांश अंशाने मागे पडला. याच महिन्यात देशभरात सरासरी ३०.४ मिलिमीटरऐवजी केवळ ८.९ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे एकाहत्तर टक्के तूट. एप्रिलमध्ये वायव्य भारताचे सरासरी कमाल तापमान ३५.९ अंशांवर गेले आणि १२२ वर्षांतील एप्रिलचा उच्चांक झाला.

या दिवसांत हिमाचल प्रदेश आणि जम्मू विभागातही लाटेचे इशारे दिले गेले. बातम्यांत दिल्ली आणि राजस्थानच ठळकपणे दिसले. पंजाब-हरियाणातील गव्हाचे दाणे भरण्याच्या वेळीच उष्णता आल्याने उत्पादनाचा अंदाज खाली आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या चर्चेत डोंगरातील नुकसान झाकले गेले. ते झाकले जाऊ नये, हाच या संकलनाचा मुख्य हेतू आहे.

४. एवढी उष्णता आली कुठून?

वाचक बहुधा राजस्थानच्या वाळवंटातून येणाऱ्या गरम वाऱ्यांचे नाव घेतात. ते वारे असतात, पण मूळ कारण जे यायला हवे होते ते न येण्यात आहे. हिवाळ्यात आणि वसंतात भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे ओलावा घेऊन येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींच्या, मालिका हिमालयावर येऊन थडकतात. त्यांच्यामुळे उंचावर बर्फ, खाली पाऊस आणि मधूनमधून ढगाळ दिवस मिळतात. २०२२ च्या मार्चमध्ये जे विक्षोभ आले ते दुबळे होते आणि बरेचसे उत्तरेकडून निघून गेले, त्यामुळे पाऊस जवळजवळ पडलाच नाही.

अशा वेळी वायव्येवर जास्त दाबाचे क्षेत्र ठाण मांडते. त्यातील हवा वरून खाली उतरते आणि उतरताना दाबली जाऊन तापते. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की सुमारे दहा अंशांनी गरम होते. ढग बनत नाहीत, आकाश दिवसेंदिवस निरभ्र राहते आणि ऊन थेट जमिनीवर पडते. जमिनीत ओल असती, तर उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली असती. ओल नसल्यामुळे ती सगळी हवा तापवण्यास मोकळी राहते.

डोंगरात याला बर्फाची जोड मिळते. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशातील ऐंशी टक्के किंवा त्याहूनही अधिक भाग परत फेकतो. उघडी माती आणि खडक त्यातील बहुतेक भाग शोषून घेतात. हिवाळ्यात बर्फ कमी पडला किंवा लवकर वितळला की उघडी पडलेली जमीन तापते, तिच्यामुळे शेजारचा बर्फ वितळतो आणि आणखी जमीन उघडी पडते. हे चक्र एकदा सुरू झाले की मार्चचा सूर्यही पुरेसा ठरतो.

५. उंचावर हवा थंडच असते. मग लाट तिथवर पोहोचते कशी?

दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते हे खरे आहे, आणि म्हणूनच खाली ४० अंश असताना दोन हजार मीटरवर सत्तावीसच्या आसपास तापमान असू शकते. उंचीमुळे हा फरक टिकतो. वाढ टळत नाही. उतरणाऱ्या हवेचा थर दोन-तीन किलोमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या कक्षेत कुलू, शिमला, मसुरी ही सगळी ठिकाणे येतात. शिवाय अरुंद खोऱ्यांत दुपारी दोन्ही उतार तापतात आणि वारा पडलेला असला तर ती हवा तेथेच कोंडून राहते.

६. २०२२ मध्ये ला निना होता. ला निना म्हणजे थंडी ना?

प्रशांत महासागराचे पाणी थंड असले की जगाचे सरासरी तापमान किंचित उतरते, परंतु प्रत्येक प्रदेश प्रत्येक महिन्यात थंड राहील असे त्यातून निघत नाही. वसंतातील हिमालयाचे हवामान पश्चिमी विक्षोभांवर फार अवलंबून असते आणि ते त्या वर्षी रुसले होते (प्रश्न ४).

७. हा हवामानबदलाचाच परिणाम आहे का?

एकट्या घटनेचे सगळे श्रेय हवामानबदलाला देणे चुकीचे आहे, आणि त्याचा वाटा नाकारणेही तितकेच चुकीचे आहे. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटाने मे २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, भारत-पाकिस्तानातील त्या मार्च-एप्रिलसारख्या उष्णतेची शक्यता मानवनिर्मित तापमानवाढीमुळे सुमारे तीस पटींनी वाढली आहे, आणि तापमानवाढ झाली नसती तर तीच लाट साधारण एका अंशाने सौम्य राहिली असती. हा अभ्यास विस्तीर्ण प्रदेशाच्या सरासरीचा आहे. तो आकडा शिमला किंवा मनालीला जसाच्या तसा लावू नये.

पश्चिमी विक्षोभांची अनियमितता हा निसर्गातील चढउतारांचाही भाग आहे. २००४ आणि २०१० चे मार्चही तापलेलेच होते. फरक इतकाच, की आता असे चढउतार आधीच वर सरकलेल्या पायावर उभे राहतात. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या बाबतीत १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फाविना तपकिरी दिसत होते. वेगवेगळ्या महिन्यांतील या घटना एकाच दिशेने बोट दाखवतात.

८. शिमल्यात तापमान सव्वीस अंशच होते आणि लाटही जाहीर झाली नव्हती. मग नुकसान झाले असे का म्हणता?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देत आहोत.

प्रश्न २ मधील अट आठवावी: डोंगरात ३० अंश गाठले नाहीत तर सरासरीपासूनचा फरक पाहिलाच जात नाही. समजा, दोन हजार मीटरवरील एखाद्या गावी मार्चचे नेहमीचे कमाल तापमान अठरा अंश आहे आणि सलग दहा दिवस ते सव्वीस अंश राहिले. फरक आठ अंशांचा झाला. मैदानात पातळी ओलांडलेली असताना एवढ्या फरकाला तीव्र लाट म्हटले असते. येथे ती लाटच ठरत नाही, कारण सव्वीस हा आकडा तिसाच्या खाली आहे. हिमाचलातील मार्चच्या लाटा बहुधा ऊना, बिलासपूर यांसारख्या सखल भागांतील केंद्रांवरून जाहीर होतात, आणि वरच्या पट्ट्यातील बागायतदार नियमाने लाटेबाहेर राहतो.

नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो मुख्यतः माणसाच्या शरीराला होणारा धोका डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे, आणि सव्वीस अंशांत कोणाला उष्माघात होण्याची भीती नसते. परंतु सफरचंदाची कळी, डोंगरावरचा बर्फ आणि चीड या पाइन वृक्षाच्या जंगलातील वाळलेला पाला यांना तीस अंशांशी काही देणेघेणे नाही. त्यांच्यासाठी मार्चमधले आठ अंशच निर्णायक असतात. आमच्या मते डोंगराळ भागांत फेब्रुवारी ते एप्रिल या काळासाठी केवळ सरासरीपासूनच्या फरकावर आधारलेला, शेती आणि पाण्यासाठीचा वेगळा इशारा असायला हवा. तोवर वाचकांनी हवामान विभागाच्या दैनंदिन पत्रकातील ‘सरासरीपासूनचा फरक’ हा रकाना आवर्जून पाहावा. लाट जाहीर झाली की नाही, यापेक्षा त्या रकान्यातून डोंगराची स्थिती जास्त नीट कळते.

९. सफरचंदाला ऊब मिळाली तर चांगलेच ना? फळ लवकर तयार होईल.

दुर्दैवाने तसे होत नाही. हिमाचलच्या कोटगढ-ठाणेधार भागात सॅम्युअल स्टोक्स यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डिलिशस जातीची लागवड सुरू केली आणि तिच्यावर पुढे सगळ्या पट्ट्याचे अर्थकारण उभे राहिले. या जातीच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालील थंडीचे सुमारे हजार ते बाराशे तास लागतात. बागायतदार त्यांना ‘चिलिंग आवर्स’ म्हणतात. हे तास पुरे झाले नाहीत तर झाडाची झोप पुरी होत नाही आणि कळ्या एकसारख्या उमलत नाहीत. एकाच फांदीवर कुठे फूल, कुठे पान तर कुठे मुकी कळी दिसते.

तास पुरे झाले असले तरी धोका संपत नाही. झोप झालेले झाड उबेची वाट पाहत असते आणि मार्चमध्येच उष्णता मिळाली की ते पंधरा-वीस दिवस आधी फुलू शकते. कळीची थंडी सहन करण्याची ताकद ती उमलत जाते तशी घटत जाते. टोक नुकतेच रुपेरी दिसू लागलेली कळी उणे नऊ अंशांच्या आसपासची थंडी सोसते. पूर्ण उमललेल्या फुलाला मात्र उणे दोन अंशांत अर्धा तास काढावा लागला तरी दहातले एक फूल मरते, आणि उणे चारच्या जवळ दहातली नऊ मरतात. एप्रिलमध्ये डोंगरात अशी एखादी रात्र येणे मुळीच नवलाचे नाही. नेहमीच्या वर्षी त्या रात्री कळी मिटलेली असते. लवकर तापलेल्या वर्षी बाग बहरात असते.

तिसरी अडचण परागीकरणाची. डिलिशसच्या फुलाला दुसऱ्या जातीचा पराग लागतो, म्हणून बागेत गोल्डन डिलिशस, रेड गोल्ड अशी परागदाती झाडे लावलेली असतात. वेगवेगळ्या जाती उबेला वेगवेगळ्या वेगाने प्रतिसाद देतात. त्यामुळे एकीचा बहर ओसरल्यावर दुसरीचा सुरू होतो. कोरड्या गरम हवेत फुलातील स्त्रीकेसराचे टोक लवकर सुकते आणि पराग रुजण्याची मुदत कमी होते. बागायतदार मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, परंतु पेट्यांच्या तारखा नेहमीच्या बहराप्रमाणे ठरलेल्या असतात. बहर दोन आठवडे आधी आला तर पेट्या अजून सखल भागातील मोहरीच्या शेतांतच असतात.

पुढे फळ धरलेच, तर जमिनीत ओल नसल्याने वाटाण्याएवढी फळे गळतात. कोकणातील आंबा बागायतदाराला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोहोर आल्यावर अचानक पारा चढला की कैरीची गळ कशी होते, हे त्याने स्वतःच्या बागेत पाहिलेले असते.

१०. आता महाराष्ट्रातही सफरचंद लागते. मग डोंगरातील शेतकऱ्यांनी तीच जात का लावू नये?

आपल्याकडे बहुधा लागते ती एचआरएमएन-९९ ही कमी थंडीवर येणारी जात. ती हिमाचलच्याच बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल, उष्ण भागात निवडून वाढवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ॲना, डॉर्सेट गोल्डन या जातीही कमी थंडीवर येतात.

सखल हिमाचलसाठी हा पर्याय खरोखर चांगला आहे. उंच पट्ट्यात मात्र तो उलटू शकतो: कमी थंडीत झोप पुरी होणारे झाड फेब्रुवारीच्या उबेतच जागे होते आणि प्रश्न ९ मध्ये सांगितलेल्या दहिवराच्या तडाख्यात आणखी सहज सापडते. शिवाय डिलिशसचे झाड फळावर येण्यास आणि भरात येण्यास अनेक वर्षे लागतात. उभी बाग तोडून नवी लावणे म्हणजे एका पिढीची मिळकत पणाला लावणे आहे, आणि तसा सल्ला दूर बसून देऊ नये.

११. बर्फ लवकर वितळला तर नद्यांना पाणी वाढेल. मग टंचाई का होते?

पाणी वाढते, पण नको त्या वेळी. बर्फ ही डोंगराची टाकी आहे आणि तिची तोटी एप्रिलपासून जूनपर्यंत हळूहळू उघडणे अपेक्षित असते. मार्चमध्येच ती पूर्ण उघडली तर मे महिन्यात, जेव्हा शेताला, गावाला आणि पर्यटकांना सर्वाधिक पाणी लागते, तेव्हा टाकी रिकामी असते.

मोठ्या नद्यांना हिमनद्यांचा आधार तरी असतो. डोंगरातील बहुसंख्य गावे मात्र झऱ्यांवर जगतात. कुमाऊँमध्ये दगडी बांधणीच्या ज्या झऱ्याला नौला म्हणतात आणि गढवालात ज्याला धारा म्हणतात, तो हिवाळ्यातील पावसाने आणि सावकाश मुरलेल्या बर्फाने भरतो. झपाट्याने वितळलेले पाणी उतारावरून वाहून जाते; मुरत नाही. हिमालयातील जवळजवळ निम्मे झरे आटत चालले असल्याचे नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात म्हटले आहे.

शिमल्याने २०१८ मध्येच याचा अनुभव घेतला. हिवाळ्यात बर्फ कमी पडला होता, गुम्मा आणि गिरी या मुख्य योजनांचे पाणी घटले आणि मे-जूनमध्ये अनेक वस्त्यांत दिवसचे दिवस नळाला पाणी आले नाही. पर्यटकांनी सध्या येऊ नये, असे आवाहन खुद्द शहरातील रहिवाशांनी केले आणि ग्रीष्मोत्सव पुढे ढकलावा लागला. ज्या शहराची रोजीरोटी पर्यटनावर आहे त्याने असे म्हणावे, यावरून अडचण किती गंभीर होती हे लक्षात यावे.

१२. उष्णतेमुळे हिमनदी फुटून पूर येतो का?

हिमनदी फुटत नाही. तिच्यामुळे अडलेले सरोवर फुटते. ७ मे २०२२ रोजी गिलगिट-बाल्टिस्तानमधील हुंझा भागात शिश्पेर हिमनदीने अडवलेले सरोवर रिकामे झाले आणि काराकोरम महामार्गावरील हसनाबादचा पूल वाहून गेला. त्या वसंतातील उष्णतेने सरोवर लवकर भरले, हे कारण निश्चितच होते. तरीही एकट्या उष्णतेला दोष देता येत नाही, कारण २०१८ पासून ही हिमनदी पुढे सरकून शेजारच्या खोऱ्याचा प्रवाह अडवत होती आणि २०२२ च्या आधीच्या वर्षांतही तेथून पूर आले होते.

१३. वणवे माणसेच लावतात. मग त्यांचा उष्णतेशी काय संबंध?

ठिणगी बहुतेक वेळा माणसाचीच असते. शेतातील काडीकचरा जाळताना, बिडीच्या थोटकातून, किंवा पावसाळ्यात चांगले गवत यावे म्हणून मुद्दाम लावलेल्या आगीतून ती पडते. परंतु ठिणगीचा वणवा होतो की नाही हे जमिनीवरच्या पाल्याची ओल ठरवते.

साधारण ९०० ते १,८०० मीटर उंचीवर चीडची जंगले आहेत. चीडच्या सुईसारख्या पानांना उत्तराखंडात पिरूल म्हणतात. त्यात राळ असते, ती लवकर कुजत नाहीत आणि त्यांची जाड गादी साचते. मार्चमधील दोन-तीन पावसांनी ही गादी ओली राहते. ते पाऊस चुकले की एप्रिलच्या आधीच ती पेट घेण्याजोगी होते आणि उतारावर आग वरच्या दिशेने माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने चढते. उत्तराखंडात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा मानला जातो; २०२२ सारख्या वर्षी त्यातील सौम्य महिने सौम्य राहत नाहीत.

पर्यटकांनी चीडच्या जंगलात चूल पेटवू नये, ही विनंती आहे. नदीकाठी, वाळूवर, पाणी हाताशी ठेवूनही नाही.

१४. आमची एप्रिलची सहल ठरली आहे. रद्द करावी का?

केवळ तापमानासाठी रद्द करण्याची गरज नाही. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांत हिंडणे आरोग्याला घातक नसते. अपेक्षा मात्र बदलाव्या लागतील. बर्फ पाहण्यासाठीच जात असाल तर नेहमीपेक्षा अधिक उंचीवर जावे लागेल आणि तेथेही तो मळकट, तुटक असेल. श्रीनगरच्या ट्युलिप बागेतील फुले एरवी तीन-चार आठवडे टिकतात. उष्ण वसंतात ती लवकर उमलतात आणि लवकर झडतात, त्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धाचे आरक्षण असेल तर बागेतील बहराची स्थिती आधी विचारून घ्यावी.

ओढ्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. सकाळी पायी ओलांडलेला प्रवाह परतताना कमरेपर्यंत चढलेला असू शकतो. उन्हाने मऊ झालेला बर्फ दुपारनंतर उतारावरून घसरण्याचा धोकाही अधिक असतो. निवासस्थानी पाणी जपून वापरावे. का, ते प्रश्न ११ मध्ये आले आहे.

१५. आम्ही नागपूरचे. पंचेचाळीस अंश सोसणाऱ्यांना तिकडच्या उन्हाने काय होणार?

उष्णतेची सवय ही खरी शारीरिक गोष्ट आहे. एक ते दोन आठवडे उष्णतेत वावरल्यावर घाम लवकर येऊ लागतो आणि हृदयावरील ताण कमी होतो. विदर्भातील माणसाला डोंगरातील तीस अंशांचा त्रास स्थानिकांपेक्षा कमी होईल, हे मान्य आहे.

मात्र दोन गोष्टी नागपूरच्या उन्हात नसतात. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील मोठा भाग पुन्हा चेहऱ्यावर फेकतो. हवा गार लागत असल्याने त्वचा आणि डोळे भाजत असल्याचे कळत नाही. दुसरे म्हणजे कोरड्या, विरळ हवेत श्वासावाटे शरीरातील पाणी घटते आणि घाम लगेच उडून जात असल्याने तहान जाणवत नाही. टोपी, काळा चष्मा, बाटलीभर पाणी आणि ओआरएसची पाकिटे नागपुरात लागतात तशीच येथेही लागतात.

१६. स्थानिक लोकांना तीस-बत्तीस अंशांचा इतका त्रास का होतो?

सवय नसणे हे एक कारण प्रश्न १५ मध्ये आले. दुसरे कारण घर. डोंगरातील घर उष्णता आत धरून ठेवण्यासाठी बांधलेले असते. खोल्या बुटक्या, खिडक्या लहान आणि शक्यतो दक्षिणेकडे उन्हाला तोंड करून असतात. छताला पंख्याचा हूकही नसतो. लाकूड आणि दगडाच्या थरांची जुनी काठ-कुणी घरे निदान दुपारी गार राहतात. अलीकडची सिमेंटच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची घरे दिवसा तापतात आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत. अशा घराच्या वरच्या खोलीत झोपलेल्या वृद्धांची चौकशी शेजाऱ्यांनी दिवसातून दोनदा तरी करावी.

बोलणे असंबद्ध होणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, अंग अतिशय तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसली किंवा शरीराचे तापमान चाळीस अंशांवर गेले असेल तर १०८ किंवा ११२ वर फोन करावा आणि मदत येईपर्यंत रुग्णाला सावलीत ठेवून अंगावर पाणी शिंपडत वारा घालावा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

१७. मोबाइलवर चौतीस दिसत होते, हवामान विभागाने एकोणतीस सांगितले. खरे काय?

दोन्ही आपापल्या जागी असू शकतात. विभागाचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो. मोबाइलवरील आकडा अनेकदा गणिती प्रारूपातून येतो. ते प्रारूप काही किलोमीटरच्या चौकोनाची एकच उंची धरते. डोंगरात त्या चौकोनात दरी आणि शिखर दोन्ही मावतात, त्यामुळे चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. गाडीच्या काचेजवळचा किंवा बाजारातील फलकावरचा आकडा तर तापलेल्या डांबराचा असतो.

१८. रात्री स्वेटर घालावा लागत होता. मग लाट होती असे कसे म्हणायचे?

लाटेची व्याख्या दिवसाच्या कमाल तापमानावर आहे. निरभ्र, कोरड्या आकाशाखाली जमीन रात्री झपाट्याने उष्णता गमावते, म्हणून दिवस तापलेला आणि रात्र गार हे अशा लाटेचे नेहमीचेच रूप आहे. ‘उष्ण रात्र’ नावाचा वेगळा इशारा आहे, पण दिवसाचे तापमान चाळीस अंशांवर असेल तरच तो लागू होतो; डोंगराला तो सहसा लागू पडत नाही. बागायतदारासाठी मात्र ही गार रात्र दिलासा नसते (प्रश्न ९).

१९. लाटेच्या बातम्यांनंतर आठच दिवसांत गारा पडल्या. म्हणजे बातम्या अतिरंजित होत्या का?

नाही. तापलेल्या जमिनीवर उशिरा का होईना एखादा पश्चिमी विक्षोभ आला, तर खालची गरम हवा आणि वरची थंड हवा यांतील तफावत मोठी असते. हवा जोराने वर उसळते आणि नेहमीच्या शांत पावसाऐवजी वादळ आणि गारा येतात. लाट आणि गारपीट ही परस्परविरोधी चिन्हे नाहीत. पहिली दुसरीची पूर्वतयारी करते. ज्या बागांवर गारांपासून वाचवणाऱ्या जाळ्या अजून चढवलेल्या नसतात, कारण त्या एरवी बहर संपल्यावर चढवतात, त्यांचे नुकसान अशा वर्षी सर्वाधिक होते.

२०. महाबळेश्वरलाही हाच तीस अंशांचा नियम लागू करायचा का?

डोंगराळ ठिकाणाचा नियम म्हणून लागू करता येतो, पण तेथे तीस या आकड्याचा अर्थ वेगळा होतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि हिमालयाच्या बरेच दक्षिणेला आहे. एप्रिलमध्ये तेथे तिशीच्या पुढचे कमाल तापमान नेहमीचेच असते. म्हणून तेथे पहिली अट अनेकदा पुरी होते आणि सगळा निर्णय सरासरीपासूनच्या साडेचार अंशांच्या फरकावर ठरतो. शिमल्यात नेमके उलटे आहे: फरक मार्चमध्येच साडेचारांच्या कितीतरी पुढे जातो आणि तीस अंशांची अट तेथे मे संपला तरी क्वचितच पुरी होते.